लपवलेला स्टॉपर

मला पळवून नेलं तेव्हा मी बेलघरियाच्या बाजारात वांगी निवडत होतो.

"झंटू, पिशवी टाक आणि टॅक्सीत बस," कानाशी कुणीतरी पुटपुटलं. वळून बघतो तर जाह्नवी स्पोर्टिंगचे बटुकदा. त्यांचं पोट आधी यायचं, मग पानाचा वास आणि मग ते स्वतः.

"वांग्यांचं काय?" मी विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"वांगी गेली खड्ड्यात! वंगश्रीची माणसं स्टेशनवर टपून बसलीत तुझ्यासाठी. चल, चल!"

खरं सांगतो, त्या क्षणी मला इतका आनंद झाला की वांग्यांची पिशवी मी भाजीवालीच्या टोपलीवर आदळली आणि नव्या नवरीसारखा टॅक्सीत जाऊन बसलो. बटुकदांनी माझ्या डोक्यावर शाल टाकली. मार्च महिन्यात शाल! आत घामाने भिजलो, पण हूं की चूं केलं नाही. माझ्यासाठी माणसं टपून बसली होती. माझ्यासाठी!

एकोणऐंशी सालची गोष्ट. तेव्हा आमच्या कलकत्त्यात फुटबॉलचा हंगाम मैदानावर सुरू व्हायचाच नाही. तो सुरू व्हायचा असा, टॅक्सीत, शालीखाली. असोसिएशनच्या कचेरीत जाऊन खेळाडू ज्या क्लबच्या नावाने सही करील, वर्षभर तो त्या क्लबचा. आधी दिलेल्या शब्दाला काडीची किंमत नाही. मुदत संपायच्या आत सही झाली नाही, तर वर्षभर घरी बसा. म्हणून जाह्नवी, वंगश्री यांच्यासारखे मोठे क्लब हवा तो खेळाडू आधीच उचलायचे, कुठेतरी दडवायचे आणि शेवटच्या दिवशी मागेपुढे गाड्या लावून सहीला आणायचे. कचेरीबाहेर ही गर्दी! अमुक कुठे लपलाय, तमुकला कुणी नेलं, यावर चहाच्या टपरीवर हाणामाऱ्या व्हायच्या.

नऊ वर्षं मी हे सगळं बाजूला उभा राहून बघितलं होतं. मी तरुण तीर्थचा स्टॉपर, म्हणजे गोलपुढचा मधला बचावपटू. क्लब लहान, मैदानावरचा त्याचा तंबू गळका, दरवर्षी खालच्या फळीत जाता जाता वाचणारा. तरुण तीर्थचा खेळाडू कोण पळवणार? आमचे सेक्रेटरी फणीदा, वय सत्तरीच्या घरात, तरी मैदानाच्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांचे दाच, म्हणजे दादाच. सहीच्या दिवशी ते मला ट्रामने घेऊन जायचे. तिकीट ते काढायचे, सही मी करायचो, मग तंबूत येऊन दोघं स्ट्यू आणि टोस्ट खायचो. झाला आमचा दलबदल! दादाच्या लग्नात आलेल्या पाहुण्यांना पंगतीत वाढावं आणि स्वतःला मात्र कुणी पाटावर बसवू नये, तसं नऊ वर्षं चाललं होतं.

मी बत्तीस वर्षांचा झालो होतो. डावा गुडघा कुरकुरत होता. दर मॅचनंतर फणीदा स्टोव्हवर मोहरीचं तेल लसूण घालून तापवायचे आणि स्वतःच्या हाताने माझ्या गुडघ्याला चोळायचे. अख्खा तंबू लसणाने घमघमायचा, पोरं नाक दाबून पळायची. त्या साली ते मला म्हणाले होते, "यंदा कॅप्टन तू. सहीला चांगला शर्ट घालून ये."

मी "हो" म्हणालो होतो. मग बटुकदा आले, आणि त्यांनी मला हरभऱ्याच्या झाडावर असं चढवलं की खाली बघायची शुद्धच राहिली नाही. जाह्नवी स्पोर्टिंग! साठ हजार लोक, रेडिओवर नाव, पेपरात फोटो. बत्तीस वर्षांच्या माणसाला असं बोलावणं पुन्हा येत नाही. हे वर्ष हुकलं की संपलं, एवढं मला कळत होतं.

बटुकदांनी मला बिहारात शिमुलतल्याला नेलं. तिथे बंगाली बाबूंचे हवा पालटायला बांधलेले बंगले आहेत, वर्षातले दहा महिने कुलपात. जाह्नवीचे मोठे अधिकारी लाहिडीबाबू, त्यांचा एक बंगला होता. आत खुर्च्या, पलंग, कपाटं, सगळ्यांवर पांढऱ्या चादरी. मागे विहीर, पुढे लांब वाट आणि लोखंडी फाटक, आजूबाजूला पळसाचा जाळ. माणूस म्हणून एकटा म्हातारा माळी, जगेसर.

बटुकदांनी मला बजावलं, "समोरच्या खिडक्या उघडायच्या नाहीत. स्टेशनवर जायचं नाही. पत्र नाही, फोन नाही. आणि कुणी नावाने हाक मारली तर ओ द्यायची नाही. ओळखीचा आवाज असला तर मुळीच नाही. ओळखीचेच घात करतात, झंटू!"

"आणि तुम्ही?"

"मी आहे की इथेच."

दोन दिवस होते. पत्ते खेळले, कोंबडी खाल्ली, माझ्या उशीवर पानाची पिंक टाकली. मग म्हणाले, "जरा कलकत्त्याला जाऊन येतो. शेवटच्या दिवशी गाडी घेऊन मी येईन, नाहीतर लाहिडीबाबू स्वतः येतील. तू तयार राहा." आणि गेले.

त्यांच्यामागे घर एवढं गप्प झालं की मला माझाच श्वास ऐकू यायला लागला.

जगेसरला वाटलं मी फरारी आहे. पहिल्याच दिवशी विहिरीवर मला पाणी काढून देताना त्याने आवाज खाली आणला. "बाबू, किती मारलेत?"

"किती काय?"

"माणसं."

"अरे मी खून नाही केला!"

"नका सांगू, नका सांगू. मागे एक बाबू असाच लपला होता पलीकडच्या बंगल्यात. तोही असंच म्हणायचा." आणि त्या दिवसापासून माझ्या भातावर तो तूप जास्त वाढायला लागला. काय सांगणार त्याला? की मी चेंडू डोक्याने उडवतो म्हणून मला लपवलंय?

दिवस काही केल्या सरेना. सकाळी अंगणात उड्या मारायचो, वरच्या तुळईला डोकं लागेल अशा. गुडघा दुखला की थांबायचो. दुपारी सगळं तापायचं, मोहाच्या फुलांचा गोडसर वास घरात शिरायचा आणि मला काहीतरी व्हायचं. आठवण यावी असं घरी तरी कोण होतं? दादा आणि बौदी, म्हणजे वहिनी, त्यांचा संसार, त्यात मी मागच्या खोलीतला भाडं न देणारा भाडेकरू. लग्न राहून गेलं होतं. आमच्या तंबूतली पोरं, फणीदांचा तो लसूण, तेच माझं घर होतं, आणि ते मी न सांगता सवरता सोडून आलो होतो. मला फार एकटं वाटायचं. इतकं, की एका दुपारी मी हॉलमध्ये उभा राहून रेडिओवाल्यासारखी कॉमेंटरीच सुरू केली. "वंगश्रीची चढाई... उजवीकडून चेंडू आत... आणि झंटू! झंटू सरखेल! काय हे हेडिंग! साठ हजार लोक उभे राहिलेत!" साठ हजार म्हणजे त्या पांढऱ्या चादरी घातलेल्या खुर्च्या.

दारात जगेसर उभा होता. "बाबू," तो अगदी मायेने म्हणाला, "पोलिसांचं आपण बघून घेऊ. पण डोकं सांभाळा."

आणि मग एक दिवस दुपारी फाटक वाजलं.

मी झडपेच्या फटीला डोळा लावला. छत्री, धोतराचा लाल मातीने माखलेला काठ, पायात ते फाटके पंपशू. फणीदा! मैदानातला जुना माणूस, लाहिडीबाबूंचा बंगला त्यांना ठाऊक असणारच. स्टेशनपासून चालत आले होते, त्या उन्हात, त्या वयात. जगेसर आडवा गेला होता, पण त्याला बाजूला सारून ते वाटेने थेट व्हरांड्याच्या पायरीशी आले आणि छत्री मिटून उभे राहिले.

"झंटू!" त्यांनी हाक मारली. मैदानाच्या कडेवरून मारायचे तीच. ती हाक आली की मी न बघता दोन पावलं मागे सरकायचो, नऊ वर्षांची सवय. आताही पाय हलले.

"इथे कुणी झंटू-बिंटू नाही," जगेसर म्हणाला. "घर बंद आहे. लाहिडीबाबूंचं घर आहे हे."

फणीदांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. जरा थांबले. मग दुसरी हाक मारली, पहिलीपेक्षा हळू. "झंटू रे..."

माझा हात कडीवर होता. देवाशपथ सांगतो, हात कडीवर होता. बटुकदांचे शब्द कानात घुमत होते, ओळखीचेच घात करतात. पण आणखी एक हाक आली असती ना, तर मी दार उघडलं असतं आणि बाहेर गेलो असतो. मी त्या हाकेची वाटच बघत होतो.

ती आली नाही. मला जगेसरच्या लोट्याचा आवाज ऐकू आला. त्याने पाणी दिलं असावं. दोघं काहीतरी बोलले. मग छत्री उघडल्याचा आवाज झाला. फटीतून बघितलं तर फणीदांची पाठ फाटकाकडे चालली होती.

आणि मला काय वाटलं असेल? खोटं कशाला बोलू, छाती फुगली माझी. बघा, म्हटलं, जाह्नवीने लपवलंय, वंगश्री शोधतंय आणि तरुण तीर्थचा म्हातारा बिहारपर्यंत धावत आलाय! केवढा भाव आलाय झंटूला! मग संध्याकाळ झाली, फाटकाकडची वाट रिकामी दिसायला लागली आणि मी भाताचं ताट तसंच बाजूला सारलं.

त्यानंतर एक चमत्कारिक गोष्ट झाली. घरात लसणाचा वास यायला लागला. मी रात्रंदिवस तंबू आठवतोय म्हणून भास होतोय, असंच मला वाटलं. मग कळलं, वास जगेसरच्या अंगाला येत होता. "लसूण खातोस काय रे एवढा?" मी विचारलं. तो फक्त हसला आणि गुडघे चोळत बसला.

शेवटचा दिवस उजाडला. मी पहाटेच आंघोळ केली, दाढी केली, चांगला शर्ट घातला. शर्ट जगेसरने तांब्यात निखारे घालून इस्त्री केला होता. व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलो. आता लपायचं कशाला? सकाळ गेली. दुपारी गाडीचा आवाज आला, मी धावत फाटकापाशी गेलो. लाकडं नेणारा ट्रक होता. ड्रायव्हरने हात केला, मीही केला. तिथून कलकत्ता म्हणजे सहा-सात तासांचा रस्ता. दुपार कलली तसं मला कळायला लागलं की आता कुणी आलं तरी उपयोग नाही. तरी मी खुर्चीतून उठलो नाही. अंधार पडल्यावर जगेसर कंदील घेऊन आला.

"बाबू, ते पकडायला येणार होते की सोडवायला?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी स्टेशनवर गेलो. कलकत्त्याचा पेपर दुपारच्या गाडीने आला. पहिल्याच पानावर फोटो. असोसिएशनच्या पायऱ्यांवर हारांनी मढलेला एक तरणाबांड खेळाडू, वंगश्रीचा स्टॉपर. वंगश्रीचा! त्याला जाह्नवीने फोडलं होतं. आणि त्याला खांद्यावर घेतलेल्या माणसांत, पोट पुढे, तोंड फाटेस्तोवर हसणारे बटुकदा.

मी चहावाल्याला विचारलं, "यात आणखी कुणाचं नाव आहे का बघ. झंटू सरखेल."

"तो कोण?" चहावाला म्हणाला.

निघताना मी जगेसरला खरं सांगून टाकलं. बॉल, क्लब, सही, सगळं. म्हाताऱ्याचं तोंडच उतरलं. "बॉल?" तो म्हणाला. "एवढ्यासाठी तूप वाढलं होय मी!"

कलकत्त्याला उतरलो तो तडक जाह्नवीच्या तंबूत. तिथे दिवाळी चालली होती. बटुकदांनी मला बघितलं आणि त्यांच्या तोंडातलं पान तोंडातच राहिलं.

"अरे! झंटू! तू कुठे होतास?"

"शिमुलतल्याला," मी म्हणालो. "तुम्हीच ठेवलंत."

"ते माहीत आहे रे. पण लाहिडीबाबूंनी आणलं नाही तुला? ते म्हणाले होते, जाताना गाडी पाठवतो."

लाहिडीबाबू पलीकडेच होते. त्यांनी कपाळाला हात लावला. "मी? मला वाटलं बटुक आणणार. बटुक, तू नाही आणलंस?"

"मी कसा आणणार? मी त्या वंगश्रीच्या स्टॉपरमागे होतो ना!"

मला वाईट कशाचं वाटलं सांगू? त्यांनी मला फसवलं असतं तर मी शिव्या दिल्या असत्या, गचांडी धरली असती. तोंडाला पानं पुसली म्हणून गावभर बोंबललो असतो. पण तसं नव्हतंच. ते मला विसरले होते. छत्री विसरावी तसे.

"वंगश्रीची माणसं..." मी म्हणालो. "ती माझ्यासाठी टपून बसली होती ना?"

बटुकदा खाकरले. "ते असं म्हणावं लागतं रे. नाहीतर खेळाडू टॅक्सीत बसत नाही." मग त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "पुढच्या वर्षी नक्की! ए, झंटूला स्ट्यू दे रे!"

मी स्ट्यू खाल्ला. भूक लागली होती, काय करता?

घरी बौदीने दार उघडलं. "आलात? वांगी कुठायत?" तिला बटुकदांचा निरोप गेला होता की मी बाहेरगावी आहे. तेवढ्यावर सगळ्यांची काळजी मिटली होती. मी मागच्या खोलीत जाऊन पडलो.

मे महिन्यात लीग सुरू झाली. सही नाही म्हणजे कुठल्याच क्लबचा नाही. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा हंगाम होता आणि मी नव्हतो. तागाच्या गिरणीतली माझी नोकरी होती. खेळाडू म्हणून मला लवकर सोडायचे, ते त्यांनी चालूच ठेवलं. मॅनेजरला सांगायची माझी हिंमत झाली नाही. मग दर दुपारी मी मैदानावर जायचो. तरुण तीर्थच्या तंबूकडे मात्र फिरकलो नाही. कुठल्या तोंडाने जाणार? फणीदा समोर आले असते तर काय म्हणालो असतो? की तुम्ही हाक मारत होतात तेव्हा मी दाराआड उभा होतो?

आमच्याकडे मैदानं कुंपणाच्या आत असतात. तिकीट न मिळालेले लोक बाहेर उभे राहतात, हातात पुठ्ठ्याची लांब नळी घेऊन. नळीत वर एक आरसा, खाली एक आरसा. नळी कुंपणावर काढायची आणि खालून डोळा लावायचा. एक माणूस त्या भाड्याने द्यायचा. मीही एक घेतली. ती जागा मला फार सोयीची होती, कारण तिथे कुणी कुणाकडे बघत नाही. शंभर माणसं खांद्याला खांदा लावून उभी, सगळ्यांचा एक डोळा नळीत आणि दुसरा मिटलेला. आत जिथे माझं नाव घेऊन शिव्या दिल्या जायच्या, तिथल्या शिव्या मी बाहेर उभा राहून ऐकायचो.

तरुण तीर्थने माझ्या जागी कृष्णनगरचा कुणी उंच माणूस घेतला होता. उडी चांगली, पण डोकं जाग्यावर नाही. कॉर्नर आला की गोलच्या जवळच्या खांबापाशी उभं राहायचं असतं, तर हा गडी मध्येच हिंडायचा. मी नळीतून ओरडायचो, "खांबाला जा, अरे खांबाला जा!"

"काका, नळीतून ऐकू जात नाही," शेजारचा म्हणायचा.

एकदा एकजण म्हणाला, "झंटू असता तर हा गोल झाला नसता."

"झंटूचं नाव काढू नकोस," दुसरा म्हणाला. "भाव वाढला म्हणून पळाला साला. फणीदांनी पोरासारखा वाढवला होता त्याला."

"आता कुठे असतो?"

"मेला असेल कुठेतरी."

मी नळी डोळ्यावरून काढली नाही. आरसा धूसर झाला होता, पण मी नुसताच बघत राहिलो.

असा तो अख्खा हंगाम गेला. पाऊस पडला, चिखल झाला, तरुण तीर्थ एकेक मॅच हरत खाली आलं. शेवटच्या सामन्याला फक्त बरोबरी हवी होती. बरोबरी झाली की वाचलो, नाहीतर नव्या वर्षी खालच्या फळीत. म्हणजे तंबूत काळं कुत्रं येणार नाही. मी नेहमीच्या जागी उभा होतो. दुपारभर आमची पोरं जीव तोडून खेळली. शून्य-शून्य. शिट्टी वाजायला आली होती आणि कॉर्नर मिळाला, समोरच्या संघाला.

मला दिसलं. त्या चिमुकल्या आरशात मला सगळं आधीच दिसलं. जवळचा खांब मोकळा होता. माझे पाय आपोआप दोन पावलं सरकले, कुंपणाबाहेर, चिखलात. चेंडू आला, जवळच्या खांबापाशी कुणीच नव्हतं, आणि त्यांच्या माणसाने आरामात डोकं लावलं.

गर्दी पांगली. नळीवाल्याने माझी नळी ओढून घेतली. मला हलवतच नव्हतं. आतून आमची पोरं एकेक करून बाहेर पडली, माना खाली घालून, आणि सगळ्यांच्या मागून छत्री टेकत फणीदा. मी तोंड फिरवलं. पण ते थेट माझ्यापाशी येऊन उभे राहिले.

"खांब मोकळा होता," ते म्हणाले.

"हो."

"तुला दिसला?"

"दिसला, फणीदा."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "गुडघा कसा आहे? तेल लावलंस का?"

"कुठलं तेल?"

"त्या माळ्यापाशी बाटली दिली होती की. म्हटलं, या घरात ज्याचा गुडघा दुखत असेल त्याला लाव."

मला एकदम जगेसरचा तो लसणाचा वास आठवला. मग दुसरी गोष्ट डोक्यात शिरली.

"म्हणजे... मी आत आहे हे तुम्हाला..."

"तुझ्या चपला होत्या रे पायरीवर. डाव्या टाचेला झिजलेल्या. नऊ वर्षं बघतोय, त्या ओळखणार नाही मी?"

मला रडू फुटलं. रस्त्यात, बत्तीस वर्षांचा बाप्या. "मग तुम्ही परत का गेलात? तुम्ही आणखी एक हाक मारली असती तर मी आलो असतो! कडीवर हात होता माझा, फणीदा. एकच हाक मारायची होती!"

"ठाऊक आहे," फणीदा म्हणाले. त्यांनी धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला. "तिसरी हाक मारली असती तर तू बाहेर आला असतास. म्हणूनच नाही मारली. म्हटलं, एवढा मोठा क्लब पोराला नेतोय, आपण कशाला आड या?"

मग त्यांनी छत्री उघडली, माझ्या डोक्यावर धरली, आणि आम्ही ट्रामच्या थांब्याकडे चालायला लागलो.